माळेतलं पुढचं नाव

१२ जानेवारी

ती. अक्कास,
सा. नमस्कार.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. तारेत 'धाकटा गेला' एवढंच बसलं. बाकीचं सविस्तर लिहीन म्हणून रोज कागद पुढे ओढतो आणि रोज काहीतरी आडवं येतं. एकदा शाईच वाळलेली निघाली. एकदा वाटलं स्टोव्ह चालू राहिलाय, म्हणून उठलो. स्टोव्ह बंदच होता, पण परत येऊन बसेपर्यंत धीर गेला. खरं सांगायचं तर कागदावर उतरलं की ते पक्कं होईल, याची धास्ती होती.

दुपारी गेला. मी उशाशी होतो. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नाही. मी बघत होतो, थोडा झाला. तुझे गुडघे धड असते तरी तू वेळेवर पोचली नसतीस, तेव्हा ते मनाला लावून घेऊ नकोस. शेवटचं सगळं नीट झालं. कापडछपाईवाले आले होते, रंगवाला आला होता. मोठ्याने रडला तो रंगवालाच. मला रडू आलं नाही. मी आपला कुलूप लावलं का, आलेल्यांना चहा पुरेल का, याच घोरात.

आता मुख्य गोष्ट. पोरीला मी कळवलेलं नाही.

थांब, आधी वाचून घे, मग शिव्या दे. पोर तिकडे लांब विद्यापीठात गणिताचा प्रबंध लिहितेय हे तुला ठाऊक आहेच. तिची आई गेली तेव्हा ती परीक्षा अर्धी टाकून आली, आणि परत जायला तिला तीन वर्षं लागली. तेवढा काळ ती छपाईच्या टेबलाशी बापाच्या हाताखाली रंग कालवत होती. धाकट्याला ते फार लागलं होतं. अंथरुणाला खिळल्यापासून त्याचा एकच धोशा. "दादा, माझं काहीही झालं तरी तिचं काम पुरं होईपर्यंत तिला कळवायचं नाही. पुरं झालं की मग सांग. आधी सांगितलंस तर मेल्यावर मी तुझ्याशी बोलणार नाही." असल्या वेळीही त्याचा विनोद. मी शब्द दिला.

हात सुजल्यापासून त्याची पत्रं मीच लिहीत होतो. तो सांगायचा, मी लिहायचो, अगदी पोरीला ठेवलेल्या त्याच्या चमत्कारिक नावांसकट. त्यामुळे पुढेही मीच लिहीत राहिलो तरी तिला अक्षराची शंका यायची नाही. तू काय ते कळव. तू तिला काही लिहू नकोस एवढीच विनंती.

तुझा भाऊ

---

२१ जानेवारी

बावळ्या,

आशीर्वाद वगैरे नंतर. लहानपणी तू खोटं बोललास की तुझे कान लाल व्हायचे, आणि आई नुसते कान बघून रट्टा द्यायची. पत्रात कान दिसत नाहीत म्हणून निभावेल असं वाटतंय होय तुला?

धाकटा माझ्या कडेवर वाढला. मला दुःख नाही असं समजू नकोस. पण गेलेल्याला दिलेला शब्द मोठा की जिवंत पोरीचा बाप मोठा? तिने काय करायचं, ते तुम्ही दोघा भावांनी परस्पर ठरवून टाकलं. एक तर आता विचारायलाही उरला नाही.

तरी तू शब्द देऊन बसलास, म्हणून मी उन्हाळा सरेपर्यंत गप्प बसते. तोवर तिचं ते काम संपलं नाही तर मी स्वतः लिहीन, आणि तुझ्याबद्दलही चार शब्द लिहीन. जेवतोस का नीट? की नुसता चहा?

अक्का

---

३० जानेवारी

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी दोन पत्रं आली, उत्तराला उशीर झाला, माफ कर. इकडे सगळं तसंच आहे. तुझ्या बापाचं म्हणशील तर त्याला आता दुखत नाही. पडून असतो. खालच्या दुकानातल्या फोनवर त्याला बोलवू नकोस, जिना उतरवणार नाही, आणि मला त्या यंत्रात काही ऐकू येत नाही. उगाच पैसे जातात आणि दुकानदार तोंड वाकडं करतो.

त्याने सांगितलंय, टाचणी, नीट जेव. थंडीत स्वेटर घाल. सरांशी वाद घालू नकोस.

मी ठसे कोरणं जवळजवळ बंद केलं आहे. डाव्या डोळ्याला बारीक रेघ दिसत नाही. परवा एका फुलाची पाकळी उडाली, लाकूड वाया गेलं. छपाईचं टेबल झाकून ठेवलं आहे. जिन्याचा कठडा हलतो, सुताराला सांगितलं, येतो म्हणाला, आला नाही. तू येशील तेव्हा भिंतीच्या बाजूने चढ.

आता एक विचारतो. तुझं काम नक्की पुरं कधी होणार? म्हणजे अगदी पुरं, काही राहिलं नाही असं. तारीख कळली तर लिही. मला उगाच काळजी लागून राहिली आहे.

तुझा काका

---

१५ फेब्रुवारी

ती. काकांना,
सा. न.

तुम्ही माझ्या कामाबद्दल विचारलंत! इतक्या वर्षांत तुम्ही फक्त 'गणितच ना अजून?' एवढंच विचारत होतात. आता सविस्तर ऐकाच.

गंमत अशी की तुम्ही विचारलंत तोच माझ्या प्रबंधाचा विषय आहे. एखादी गोष्ट पुरी झाली असं केव्हा म्हणायचं? एक, दोन, तीन असे आकडे मोजत बसलं तर ते कधी संपत नाहीत. पण बहुतेक गणिती म्हणतात, मोजून संपवायची गरजच काय? सगळे आकडे आहेतच. ते सगळे एका पिशवीत घातले आहेत असं समजा. कोणतीही वस्तू दाखवा, ती पिशवीत आहे की बाहेर आहे हे ठरलेलं आहे. मग पिशवी पूर्ण. तोंड बांधा आणि चालायला लागा. आमच्यात या पिशवीला संच म्हणतात. कधी न संपणारा असला तर अनंत संच.

थोडे लोक म्हणतात, नाही. असा संच कुणी पाहिला आहे? आपल्याकडे फक्त मोजणं आहे. कितीही मोजलं तरी पुढचा एक असतोच. म्हणजे हे काम नेहमी चाललेलं असतं, झालेलं कधीच नसतं. पिशवीचं तोंड बांधताच येत नाही.

आमचे सर पहिल्या बाजूचे. मी दुसऱ्या. दर आठवड्याला भांडण होतं. सर म्हणतात, "तुला जगातली सगळी गणितं मोडून टाकायची आहेत का?" मी म्हणते, "सगळी नाही सर, तुमची तेवढी." मग ते खिडकी उघडतात. चिडले की उघडतात. या हिवाळ्यात मी गारठले आहे ती त्यामुळे.

तेव्हा तारीख कशी सांगू? मी सरांना पटवेन किंवा सर मला पटवतील, तेव्हा पुरं होईल.

अण्णांना विचारा, वाद घालू नको असं ते कधीपासून म्हणायला लागले? त्यांनीच मला शिकवला तो.

तुमची पुतणी

---

२ मार्च

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं आणि माझी झोप उडाली. सगळं समजलं असं म्हणत नाही. मी सातवीत शाळा सोडली, आणि त्यातही गणिताच्या तासाला मी खिडकीबाहेर. कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याला वाचून दाखवलं. तो पूर्वी मास्तर होता. तो म्हणाला, "अनंत म्हणजे अनंत. तुमचा नंबर वाढलाय, काच बदलून घ्या." त्याचा काही उपयोग नाही.

पण एवढं कळलं की तुझ्या म्हणण्याप्रमाणे असलं काम कधी पुरं होतच नाही. बाळ, असं म्हणू नकोस. पुरं मान ना. तुझे सर एवढे शिकलेले, ते मानतात, त्यांचे सगळे मानतात, तू एकटीने कशाला अडून बसायचं? कधीतरी कुणीतरी झालं म्हणायलाच पाहिजे, नाहीतर माणसाने काय करायचं?

माझ्या धंद्यातलं सांगतो. ठशाची उजवी कड डाव्या कडेला आणि वरची कड खालच्या कडेला जुळली की ठसा पुरा झाला. मग त्याने हातभर कापड छाप, गावभर छाप, की छापतच राहा, वेल पुढे जाणार आणि जोड दिसणार नाही. कापड संपत नाही म्हणून ठसा अर्धा आहे असं कुणी म्हणत नाही. तुझी पिशवीसुद्धा तशीच असेल. नियम पुरा झाला की सगळं आलं. हे सरांना सांगून बघ, म्हणजे तू हरलीस असं होणार नाही, आणि काम तर होईल.

तुझ्या बापाला दुखत नाही. त्याने सांगितलंय, टाचणी, नीट जेव. स्वेटर घाल. वाद घालू नकोस.

कठडा अजून हलतो. सुतार आला, बघून गेला, म्हणाला सगळाच बदलावा लागेल. मी म्हटलं, हलू दे.

घाई करतोय असं समजू नकोस. पण घाई कर.

तुझा काका

---

२० मार्च

ती. काकांना,
सा. न.

तुमचा ठसा मी सरांना ऐकवला. सर इतके खूश झाले की त्यांनी खिडकी बंद केली! म्हणाले, "तुझ्या काकांना माझ्या जागी नेमायला हवं." पण मी हरले नाही हं. ऐका.

ठसा तुमचा. पण मारायचा कोण? अण्णा. तीन वर्षं मी त्यांच्या शेजारी रंगाचं तबक धरून उभी होते. ठसा तोच, पण अण्णांचा हात कधी तोच नसायचा. कधी जरा दाबून, कधी हलका, कधी बोलण्याच्या नादात केसभर तिरका. तुम्ही ओरडायचात, "अरे, जोड दिसतोय!" आणि ते म्हणायचे, "दिसू दे. कुणीतरी मारलाय हे कळायला नको?" सरांना ठसा दिसतो. मला हात दिसतो.

माझ्या शेवटच्या प्रकरणात हेच आहे. न संपणाऱ्या माळा दोन प्रकारच्या असतात. एकीत पुढचा मणी नियमाने येतो. लाल, पिवळा, लाल, पिवळा. कुठलाही मणी विचारा, तो आत्ताच सांगता येतो. ती माळ पूर्ण मानायला माझी फारशी हरकत नाही, कारण तिच्यात नवं काही घडायचं राहिलेलं नाही. दुसरीत पुढचा मणी कुणीतरी आपल्या मर्जीने ओवतो. तो ओवेपर्यंत देवालाही ठाऊक नसतं. ती माळ पूर्ण कशी म्हणणार? ओवणारा बसला आहे तोवर ती उघडीच.

उदाहरण म्हणून अण्णा घ्या. ते पत्रात मला दर वेळी नव्या नावाने हाक मारतात. उलटा सदरा. रविवार. सव्वा शहाणी. गळकी छत्री. पेन्शनर. एकदा वापरलेलं नाव त्यांनी आजवर परत वापरलेलं नाही. मी कितीदा पैज लावली आणि हरले, पुढचं नाव मला कधी ओळखता आलं नाही.

यावरून आठवलं. 'टाचणी' डिसेंबरात आलं, जानेवारीत आलं, आता मार्चमध्येही आलं! त्यांना सांगा, हा काय आळशीपणा? दंड म्हणून पुढच्या पत्रात नवं करकरीत नाव पाहिजे.

तुमची पुतणी

---

६ एप्रिल

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

उत्तराला थोडा उशीर झाला. पोस्टात गर्दी होती, आणि आधी लिहिलेले दोन कागद मी फाडले, शाई सांडली म्हणून.

तुझा निरोप त्याला सांगितला. त्याच्या खोलीत बसून मोठ्याने सगळं पत्र वाचलं. तो म्हणतो, टाचणीच बरी आहे. तीच राहू दे. आजारी माणसाला सारखं नवं कुठून सुचणार, तूच सांग.

माळांचं वाचलं. छान लिहिलं आहेस. तुझी ती दुसरी माळ मला नीटशी समजली नाही, पण पहिली पूर्ण मानायला तुझी हरकत नाही हे वाचून बरं वाटलं. मग राहिलं काय? एक तर पूर्ण झालीच. तेवढ्यावर प्रबंध देऊन टाकता येणार नाही का? अक्काही विचारत होती, उन्हाळा सरायच्या आत होईल ना?

त्याला दुखत नाही. त्याने सांगितलंय, टाचणी, नीट जेव. स्वेटर घाल. सरांशी वाद घालू नकोस.

तुझा काका

---

२७ एप्रिल

ती. काकांना,
सा. न.

मी शेवटचं प्रकरण लिहायला बसले होते. दोन प्रकारच्या माळा एकमेकींपासून कशा ओळखायच्या, याचं सोपं उदाहरण हवं होतं, म्हणून अण्णांची नावं एका ओळीत मांडली. उलटा सदरा, रविवार, सव्वा शहाणी, गळकी छत्री, पेन्शनर, टाचणी. तिथवर माझा हात भराभर चालला. मग टाचणी. टाचणी. मी पेन खाली ठेवलं.

तोवर माझं मार्चचं पत्र टाकून झालं होतं. तुमचं उत्तर यायच्या आत मी एका चिठ्ठीवर लिहून ठेवलं की त्यात काय असेल. दुखत नाही. टाचणी, नीट जेव. स्वेटर घाल. वाद घालू नकोस. नवं नाव आलं असतं तर मी चिठ्ठी फाडून नाचले असते.

पत्र आलं. काका, इथे आता ऊन आहे. माणसं बाह्या दुमडून फिरताहेत. अण्णांनी स्वेटर घाल म्हटलं नसतं. अण्णांनी आधी विचारलं असतं, "काय गं, तिकडे घाम येतो का?" आणि मग त्या घामावरून नाव काढलं असतं.

मी अण्णांची पैज पहिल्यांदाच जिंकले.

ज्या माळेत पुढे काय येणार ते आधीच ठाऊक आहे ती पूर्ण मानायला हरकत नाही, असं मीच तुम्हाला लिहिलं होतं. सर जिंकले म्हणायचे. मी आज त्यांच्याकडे गेले आणि चिठ्ठी नि तुमचं पत्र पुढे ठेवलं. त्यांनी खिडकीही उघडली नाही. खुर्ची दिली.

मी तुमच्यावर रागावले आहे का, ते मला अजून कळलेलं नाही. आधी खरं सांगा. दुकानात फोन करावा असं दहादा मनात आलं. पण दुकानदाराच्या तोंडून ऐकायचं नाही मला.

माझे अण्णा पूर्ण झाले का? हो किंवा नाही, एवढंच लिहा. दुखत नाही, असं लिहू नका.

तुमची पुतणी

---

१४ मे

चि. पोरीस,

हो.

तू तेवढंच मागितलंस, म्हणून ते आधी लिहिलं. पत्र लगेच टाकायला हवं होतं. उशीर झाला. त्या एका अक्षराचा कागद पाकिटात घातला, आणि पोस्टाच्या पेटीपाशी जाऊन परत आलो. असा कागद पोरीच्या हातात एकटा कसा पाठवायचा? आज बाकीचं लिहून टाकतोच.

जानेवारीच्या सुरुवातीला गेला. दुपारी. खिडकीतून ऊन त्याच्या पांघरुणावर आलं होतं. मी त्याला विचारलं, पडदा ओढू का, आणि त्याने नको म्हणून मान हलवली. तेच शेवटचं. तुझं काम पुरं होईपर्यंत तुला कळवायचं नाही, असा शब्द त्याने माझ्याकडून घेतला होता. तुझ्या आईच्या वेळचं त्याच्या मनातून गेलं नव्हतं. "माझ्यापायी ती दुसऱ्यांदा अर्ध्यावरून उठायची नाही," म्हणायचा. बरोबर की चूक मला कळत नाही. अक्का म्हणते चूक. मला तेव्हा एवढंच कळलं की त्याने कधी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं, आणि हे मागितलं.

म्हणून मी तुझ्या कामाच्या मागे लागलो. मला वाटलं, पुरं होण्याची एक तारीख असते, तेवढी आली की मी सुटलो. आणि तू लिहिलंस की पुरं असं काही नसतंच. त्या दिवशी मी तुझ्या बापाच्या रिकाम्या खाटेवर बसून त्याला शिव्या दिल्या. म्हटलं, अरे, कुठल्या कामाची मुदत घातलीस तू मला!

टाचणीचं सांगतो. डिसेंबरात त्याने ते सांगितलं तेव्हा तू सरांना सारखी टोचतेस म्हणून पोट धरून हसला होता. ते त्याचं होतं. पुढचं नाव मला सुचत नव्हतं असं नाही. आजारी माणसाला कुठून सुचणार असं मी लिहिलं, ते मी माझी सोय बघून लिहिलं. रात्रंदिवस डोकं खाजवून दोन-तीन नावं काढली होती, बरी होती. एक तर कागदावर उतरवलंही. मग वाटलं, हे तू त्याचं म्हणून जपून ठेवशील, त्याच्या नावांच्या ओळीत बसवशील, आणि ते असेल माझं. बाकी सगळं खोटं लिहिलं, पण तेवढं लिहवेना. कागद फाडला. शाई वगैरे काही सांडली नव्हती. म्हणून टाचणी. तू ते असं वाचशील हे माझ्या डोक्यात आलं नाही. तू माळा समजावून सांगितल्या होत्यास, आणि मी आपला 'पूर्ण' एवढाच शब्द शोधत होतो.

तू आलीस की बघशील, टेबलावर तो छापत होता ते कापड मी काढलेलं नाही. निम्म्यापर्यंत वेल आहे, मग कोरं. हात चालेना तेव्हा त्याने ठसा तिथेच ठेवला आणि म्हणाला, जरा बसतो. ठसा माझाच आहे, कडा जुळतात, कुणीही उरलेलं छापून देईल. रंगवाला दोनदा विचारून गेला. मी म्हटलं, हात नको लावू. शेवटचा ठसा केसभर तिरका आहे. मी आयुष्यभर त्या तिरकेपणावर ओरडलो, आणि आता तेवढाच बोटाने चाचपत बसतो. तुझं म्हणणं मला तिथे समजलं, पण फार उशिरा.

आता एक राहिलं. ते सांगावं की नाही, या विचारात तर हे पत्र अडलं होतं.

जायच्या आदल्या दिवशी तो जरा हुशारीत होता. मी त्याला चमच्याने चहा पाजत होतो. एकदम म्हणाला, "नवं नाव सापडलं."

"कुणाला?"

"तुला नव्हे, म्हाताऱ्या. पोरीला."

मी चहा ठेवून कागद आणायला उठलो.

"बस खाली. हे लिहायचं नाही. ती काम पुरं करून दारात उभी राहिली की तोंडावर सांगायचं. फार जोरदार आहे."

"मला तरी सांगून ठेव. विसरलास तर?"

"तुझ्या पोटात काय राहतंय? पुढच्याच पत्रात लिहून मोकळा होशील." आणि स्वतःशीच हसला. चांगलं नाव सापडलं की हसायचा तसा, डोळे मिटून. हसता हसता खोकला आला. मग बोलणं झालंच नाही.

माझ्या पोटात काही राहत नाही म्हणाला. बघ, केवढं राहिलं.

तेव्हा तू मला सांग. तू लिहिलं होतंस, कोणतीही वस्तू दाखवा, ती आत आहे की बाहेर हे ठरलेलं असलं की पिशवी पूर्ण. मग या नावाचं काय? ते आहे. त्याचा चेहरा मी बघितला, ते शंभर टक्के आहे. पण ते कुणाला दाखवता येत नाही, मला नाही, तुला नाही. ते मी आत धरू की बाहेर? तुझी पैज तू जिंकली नाहीस, पोरी. पुढचं नाव टाचणी नव्हतं. दुसरंच काहीतरी होतं, आणि ते तुला ओळखता आलं नसतं. तेव्हा सर जिंकले असं सरांना लगेच सांगू नकोस. मला यातलं कळत नाही, पण घाईने तोंड बांधू नकोस एवढंच सांगतो. मीच घाई कर म्हणत होतो, ती परत घेतो.

ये असं म्हणू की येऊ नकोस म्हणू? ये म्हटलं तर त्याचा शब्द मोडतो, नको म्हटलं तर तुझा बाप दुसऱ्यांदा तुझ्यापासून लपवल्यासारखं होतं. तुझं तू ठरव. यायचं ठरवलंस तर भिंतीच्या बाजूने चढ, कठडा तसाच आहे. राग आला असेल तर रागाचं लिही. अक्काला माझ्याबद्दल चार शब्द लिहायचेच आहेत, तू दहा लिही. सकाळी पोस्टमन जिन्याखाली सायकल टेकवतो त्याचा आवाज मला वरपर्यंत येतो. बाकी काही ऐकू येत नाही, तेवढं येतं. मी रोज अर्धा जिना उतरून उभा राहतो. मला काका म्हणावंसं वाटत नसलं तर दुसरं काहीही म्हण, पण दोन ओळी टाक. लवकर टाक.

तुझा काका